कौल न मिळालेला दिवस

देवावर रागावणं माझ्या रक्तात नाही. माझे वडील गावच्या देवळात गुरव होते. पण मुलाचं विमान उलटलं त्या दिवशी इस्पितळात पोचेपर्यंत मी देवाला मनातल्या मनात नको नको ते बोलले.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरणी सुटली की आमचे हे परस्पर मोर्चाला जायचे आणि ते परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. त्यात मुलगा जुहूच्या विमानतळावर मेकॅनिक म्हणून लागला आणि साहेबांच्या मर्जीने दोन माणसांचं छोटं विमान चालवायलाही शिकू लागला. लालबागच्या आमच्या चाळीत कुणाला खरं वाटेना. एक रस्त्यावर, एक आभाळात, आणि मी दोघांसाठी देवासमोर.

तो पहिल्यांदा एकटा उडणार होता, त्या सकाळी मी कौल लावला. आमच्या कोकणात त्याशिवाय नव्या कामाला हात घालत नाहीत. देव्हाऱ्यातल्या ग्रामदेवतेच्या चांदीच्या टाकावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. त्या दिवशी एकही पडेना. तेल संपून समई विझली, पण पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"आये, उशीर होता. सकाळचो वारो नसता, म्हणान साहेबान लवकर बोलवल्यान हा," हातात बूट घेऊन तो म्हणाला.

"गप रव. कौल झाल्याशिवाय पाय भायर टाकूचो नाय."

बिचारा थांबला. सगळी सकाळ थांबला. शेवटी त्याचा चेहरा बघवेना, तेव्हा मीच म्हटलं, जा.

तो जुहूला पोचला तेव्हा वारा उठला होता. साहेबांनी त्याला बसवून ठेवलं. वारा पडल्यासारखा वाटला, तेव्हा सोडलं. चाकं जमिनीवरून उचलली आणि बाजूने असा जोराचा झोत आला की एक पंख खाली टेकला, विमान गिरकी घेऊन कडेच्या चिखलात पालथं झालं. चाळीखालच्या इराण्याकडे फोन आला. वाटेत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. देवा, उजवी पाकळी वेळेवर दिली असतीस, तर माझं पोर शांत वाऱ्यात उडालं असतं.

त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, पण तो बोलत होता. बाहेर बाकावर एक म्हातारा कोळी बसला होता, पेट्रोलचा वास येत होता त्याच्या अंगाला. पोर पट्ट्यात उलटं अडकलेलं, टाकी गळत होती, आणि विमानतळाच्या कुंपणाशी बसलेल्या यानेच धावत जाऊन पट्टा कापला होता. मी त्याच्या पाया पडायला वाकले, तर तो मागे सरला.

"बाय, रोज सकाली मी दर्यान आसतो. दुपारचा जाली शिवाला बसलो व्हतो, म्हनून हातान सुरी व्हती."

मी त्याच्या शेजारी बाकावर बसले. सकाळी विमान उलटलं असतं, तर तिथे कोण होतं? की सकाळी ते उलटलंच नसतं?

बातमी कळून आमचे हेही इस्पितळात आले होते. संध्याकाळी पोराला तिथेच ठेवून आम्ही दोघं घरी आलो. दोन्ही पाकळ्या तशाच टाकाला चिकटलेल्या. आता मात्र मला रडू कोसळलं. म्हटलं, बघा, अजून कौल नाही दिला या देवाने.

देवाधर्माची एरवी थट्टा करणारे आमचे हे दारात टोपी काढून उभे होते. हलकेच म्हणाले, "कौल कोण देतलो? देव घरात होतो खंय? तो गेल्लो झिलावांगडा."

देव मुलाबरोबर गेला होता, हे त्यांनी माझं रडू थांबवण्यासाठी म्हटलं असेल. मी मात्र ते पदरात बांधून ठेवलं. खांदा बरा झाल्यावर मुलगा पुन्हा उडायला निघाला, तेव्हा मी पाकळ्या लावल्या नाहीत. दिवा लावला, हात जोडले आणि एवढंच म्हटलं, "देवा, घर मी सांभाळतंय. तू जा त्याच्यावांगडा."

तेव्हापासून माझं गाऱ्हाणं एवढंच आहे.