शेवटच्या पायरीवरची टाळी

खोलीत शिरल्याबरोबर कुणी एक खणखणीत टाळी वाजवली, तर पनवेलात तो माणूस एकतर वेडा असायचा, नाहीतर आमचे आतोबा. बऱ्याच पनवेलकरांच्या मते या दोहोंत फारसा फरक नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जन्माने फ्रेंच आणि पेशाने नाट्यगृहं बांधणारे आर्किटेक्ट. आत्या तरुणपणी भाषा शिकायला म्हणून फ्रान्सला गेली, तिथेच संसार मांडला, आणि निवृत्तीनंतर नवऱ्याला घेऊन माहेरी परत आली. त्यांचं खरं नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. त्यासाठी नाकाचा जो उपयोग करावा लागतो तो आम्हाला फक्त सर्दीत जमायचा. मी आतोबा म्हणतो म्हणून मग रिक्षावाले, भाजीवाले, पोस्टमन सगळेच त्यांना आतोबा म्हणू लागले. आत्या मात्र त्यांचा उल्लेख जुन्या वळणाने 'हे' असाच करायची. फ्रान्समध्येही ती तसंच म्हणायची आणि तिथल्या शेजारणींना ते त्यांचं लाडाचं नाव वाटायचं.

आतोबांनी जन्मभर तिकडच्या लहान लहान गावांतली नाट्यगृहं बांधली. मोठ्या शहरातलं, मासिकांत फोटो छापून येणारं असं एकही त्यांच्या वाट्याला आलं नाही, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की नाट्यगृह बांधायचं ते सगळ्यात वाईट जागी बसणाऱ्या माणसासाठी. पुढच्या रांगेतल्यांची काळजी घ्यायला सगळं जग बसलेलंच आहे. त्यामुळे कुठल्याही लग्नात ते हटकून खांबाआडची खुर्ची शोधायचे आणि जेवणं उरकल्यावर मुलीच्या बापाला गाठून, मंगलाष्टकं तिथपर्यंत कशी पोचली नाहीत ते समजावून सांगायचे. त्यांची टाळी म्हणजे त्या जागेचा आवाज तपासण्याची रीत. बँकेत टाळी वाजवली तेव्हा शिपाई चहाची ऑर्डर घ्यायला धावत आला. कर्नाळ्याला त्यांनी सुळक्याकडे तोंड करून टाळी वाजवली आणि झाडीतले सगळे पक्षी उडाले, तेव्हा वनरक्षकाने त्यांना जी तंबी दिली ती त्यांनी मान खाली घालून ऐकली. वर त्याचा आवाज कसा स्वच्छ आहे तेही त्याला सांगितलं. माझ्या वडिलांच्या वेळी स्मशानातल्या शेडखाली नकळत त्यांची टाळी पडली. सगळे वळून बघायला लागले. मग माझ्या कानाशी येऊन ते हळूच म्हणाले, "माफ कर. पण साऱ्या पनवेलात सगळ्यात चांगला आवाज इथे लागतो, आणि इथे कुणी बोलत नाही." मला त्या दुःखातही हसू आवरेना.

याच सुमारास आत्याला ऐकू येणं कमी होऊ लागलं. मी औषधाचं दुकान चालवतो, तेव्हा डॉक्टरांशी बोलणं माझ्याकडे होतं. हे थांबणार नाही, वाढतच जाईल, असं त्यांनी सांगितलं. कानाचं यंत्र आणलं, पण त्यातून तिला म्हणे कुणीतरी सतत भांडी पाडत असल्यासारखं ऐकू यायचं. आत्याला नाटकाचं भारी वेड. परदेशात राहून तिला एकाच गोष्टीची भूक लागली होती, ती मराठी नाटकाची. आणि इथे येऊन बघते तो माइकमधून येणारं प्रत्येक वाक्य तिच्या कानात फुटून जायचं. आतोबांनी ते मनाला लावून घेतलं. जन्मभर परक्या माणसांसाठी शेवटची रांग सुधारत बसलो आणि आता ही माझ्याच शेजारी बसून शेवटच्या रांगेत गेली, असं ते एकदा म्हणाले. तिचे कान पुरते मिटायच्या आत तिला एक नाटक माइकशिवाय, माणसाच्या साध्या आवाजात ऐकवायचं, एवढाच त्यांनी ध्यास घेतला.

संधी मिळाली पनवेलजवळच्या ओवे गावात. एका बाजूने खारघरचे टॉवर गावाच्या अंगावर आले होते, तरी जत्रेला गावच्या पोरांचं नाटक चुकत नसे. त्यांच्या मंडळाला देवळामागे पक्का रंगमंच बांधायचा होता, आणि फुकटात गोरा इंजिनियर मिळतोय म्हटल्यावर अध्यक्ष स्वतः गाडी घेऊन आले. आतोबांनी शेताच्या जुन्या उतारावर पायऱ्या आखल्या, रंगमंचामागे किंचित वाकलेली विटांची भिंत घातली. गवंड्याने ती दोनदा प्रेमाने सरळ करून दिली, ती दोन्ही वेळा पाडून पुन्हा वाकवून घेतली. तळोज्याच्या कारखान्यांचा पाळी बदलण्याचा भोंगा कधी वाजतो ते पाहून मध्यंतराची वेळ ठरवली. रोज तालमीला बसून त्यांनी सगळं नाटक पाठ केलं आणि घरी पोळ्या लाटणाऱ्या आत्यासमोर खलनायकाची वाक्यं म्हणू लागले. काम मात्र रखडत होतं. कधी रेती नाही, कधी माणसं भातकापणीला. इकडे आत्याला आधी दारावरची बेल ऐकू येईनाशी झाली, मग कुकरची शिट्टी. आतोबा रोज ओव्याहून परतले की तिच्या मागे उभे राहून तिला हाक मारायचे. दर आठवड्याला त्यांना थोडं जवळ येऊन उभं राहावं लागायचं. ते बघवत नसे.

उद्घाटनाच्या संध्याकाळी आम्ही आत्याला घेऊन वर चढलो. शेवटच्या पायरीवर, कोपऱ्यात, सगळ्यात वाईट जागी तिची खुर्ची मांडली होती. आणि खुर्चीला खेटून माणसाएवढ्या उंचीचा लाउडस्पीकर उभा होता. आतोबांच्या तोंडून "अगंबाई" एवढंच निघालं. मराठी ते आत्याकडूनच शिकले होते.

अध्यक्ष हसत पुढे आले. "आत्यांना आयकू येत नाय ना, म्हनून खास त्यांच्याजवल ठेवलाय. भारीतला मागवला पनवेलवरून. तुमी बिलकूल टेन्शन घेव नका."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी निर्मळ माया होती, की आतोबांना रागावता येईना. पहिला अंक तसाच झाला. आत्या दोन्ही कानांवर हात ठेवून हसतमुखाने बसली होती. मध्यंतरात आतोबांनी अध्यक्षांचे दोन्ही हात हातात घेऊन काहीतरी सांगितलं आणि स्पीकर बंद झाला. दुसऱ्या अंकात आतोबा एक पायरी खाली, रंगमंचाकडे पाठ करून, आत्याकडे तोंड करून बसले. नाटक त्यांना बघायचंच नव्हतं. पोरांचे आवाज खरोखरच मागेपर्यंत अलगद येत होते. आत्या हसली, आत्याने टाळ्या वाजवल्या. आतोबा तर इतके खुलले, की विनोद व्हायच्या आधीच हसू लागले. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या वळून बघायच्या. गोऱ्या माणसाचं डोकं थोडं पुढे चालतं, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला नाटक कसं वाटलं ते पाटीवर लिहून विचारलं. तिने दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "एक अक्षर ऐकू आलं नाही रे. मी यांच्या तोंडाकडे बघत होते. हे हसले की मी हसायची, यांचा चेहरा उजळला की टाळी वाजवायची. त्यांना सांगू नकोस, बाळा. फार उशीर झाला असं त्यांना कळायला नको." मी कबूल झालो.

त्यानंतर दोन वर्षांनी आत्या गेली. स्मशानातल्या त्याच शेडखाली आतोबा हात घट्ट बांधून उभे होते, टाळी वाजली नाही. महिन्याभराने ते मला म्हणाले, ओव्याला ने. आम्ही दोघे शेवटच्या पायरीवर जाऊन बसलो. खाली मोकळा रंगमंच होता आणि मागे टॉवरांच्या खिडक्यांत कपडे वाळत होते.

"तिला काही ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"तिची टाळी उशिरा यायची. फार नाही, जराशीच. पण मी बांधलेल्या जागेत आवाजाला तिच्यापर्यंत यायला इतका वेळ लागत नाही. मग मी आधी हसायला लागलो. सगळं पाठच होतं. मग तिची टाळी वेळेवर येऊ लागली."

मला रडू आवरलं नाही. ते मात्र उठले, काठी टेकत पायऱ्या उतरले आणि रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी घरात बोलावं तशा साध्या आवाजात विचारलं, "ऐकू येतं का?"

 मी पुटपुटल्यासारखं "हो" म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं.