सेल काढून ठेव

मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून रडत नव्हते, ओरडत होते. "बाबा, माझ्या गेमबॉयला हात लावायचा नाही!" मामाने परदेशातून आणलेला, हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचा तो राखाडी ठोकळा मी झाकणावर चिकटपट्टी लावून कपाटात ठेवला होता. बाबा खिडकीचा गज धरून चार पावलं चालले. "अगं, सेल तरी काढून ठेवतो. खराब होतात."

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?" मी म्हणाले. अख्ख्या डब्याने ऐकलं. बाबांनी गज सोडला.

हे लिहिताना स्वतःची शिसारी येते. तिकडे गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, असलं एखादं वाक्य तुम्हीही फलाटावर टाकून आला असाल.

कोलकात्यात सेक्टर फाइव्हमधली आयटीची नोकरी, मग लग्न, मग सॉल्ट लेकमधला फ्लॅट. दसऱ्याला घरी जाणं कधी जमलंच नाही, कारण इथं तेव्हा पूजो, म्हणजे दुर्गापूजा असते. मी पंडालच्या रांगेत असताना दरवर्षी बाबांचा फोन यायचा. "खंडेनवमीची पूजा झाली. पाना, पक्कड, आईचं शिलाई मशीन आणि तुझं ते गेमचं हत्यार. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं." मी "बरं बरं" म्हणायचे आणि फोन ठेवून मैत्रिणींना हसून सांगायचे. शी!

माझी मुलगी इरा इथलीच. तिचं मराठी जेमतेम. बंगाल्यांच्या तोंडून 'इश्श' निघतं ते किळस आल्यावर, आपल्याकडे लाजल्यावर. लहान असताना बाबांनी तिला फोनवर सांगितलं, की आज कारल्याची भाजी खाल्ली. ती म्हणाली, "इश्श!" नात लाजली म्हणून बाबा गल्लीभर सांगत फिरले.

यंदा तिने शाळेच्या प्रोजेक्टला याच गेमबॉयचा इतिहास घेतला. हिरवट पडदा, आत दिवा नाही, म्हणूनच तो चार सेलवर खूप टिकायचा. रंगीत पडद्याचे त्याचे प्रतिस्पर्धी सेल खाऊन खाऊन मागे पडले. हे सगळं लिहून झाल्यावर तिला खराखुरा गेमबॉय वर्गात न्यायचा होता. मी बाबांना कळवलं आणि आठवड्यात पार्सल आलं.

चिकटपट्टी काढून मी मागचं झाकण उघडलं.

"इश्श!" इरा दोन पावलं मागे सरकली.

सेल फुटून आत हिरवी-पांढरी घाण साचली होती. स्प्रिंगा गंजून गेल्या होत्या. उग्र वास नाकात गेला. बटणांच्या फटींत वर्षानुवर्षांचं कुंकू घट्ट बसलं होतं. सोलून काढलेली चिकटपट्टी अजून माझ्या बोटाला लागलेली होती. ती मीच लावलेली, पिवळी पडलेली. इतक्या वर्षांत ती कुणी उचकटली नव्हती. माझा उर्मटपणासुद्धा जिथं इतका जपून ठेवला, ते माझं घर, आणि मी त्याला हसत आले.

तेवढ्यात फोन वाजला.

"चालू झाला का गं?" बाबांच्या आवाजात फुशारकी होती. "मी उघडलासुद्धा नाही हं. वरूनच कुंकू लावायचो. तू नको म्हणाली होतीस ना."

'हो, चालू झाला' हे अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही चालत, बाबा. सेल तेव्हाच काढायला हवे होते. तुम्हाला कळत होतं."



"मग आता तरी काढ," बाबा म्हणाले. "आणि हात साबणाने धू. इराचेही."