अनसिंगच्या विहिरीतलं खनिज

अश्वजित मंगरूळपीरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होता. २०१९च्या उन्हाळ्यात अनसिंगला त्याचा चुलतभाऊ संघदीप विहीर खोदत होता. सुरुंग उडवल्यावर काळ्या दगडात एक पोकळी उघडी पडली. आत सुईसारख्या बारीक स्फटिकांचे झुबके होते, मधाच्या रंगाचे. पांढरे असे अश्वजितने पुष्कळ पाहिले होते, हा रंग कधीच नाही. त्याने एक तुकडा कापसात गुंडाळून नागपूरला वैभवी मॅडमकडे पाठवला. त्या खनिजं तपासत.

तपासणीला दोन वर्षं लागली. मग मॅडमचा फोन आला.

"कॅल्शियम, मँगनीज, सिलिका आणि पाणी. पण रचना नोंदलेल्या कुठल्याच खनिजाशी जुळत नाही. नवं आहे, अश्वजित."

"मंग नाव काय ठेवाचं, मॅडम?"

"रासायनिक नाव घटकांवरून ठरतं. खनिजाला मात्र गावाचं, माणसाचं नाव चालतं. आंतरराष्ट्रीय समितीची मंजुरी लागते."

"मंग गावाचंच ठेवा."

अनसिंगाइट. त्याने घरी बायकोला, नीताला, चारचारदा म्हणून दाखवलं. "दवाईचं नाव वाटते," म्हणून ती हसली.

मॅडम प्रस्ताव लिहीतच होत्या, तेवढ्यात समितीच्या यादीत पारखेडाइट हे नाव मंजूर होऊन आलं. तेच घटक, तीच रचना. एका परदेशी संग्रहालयाने खनिजं विकणाऱ्या एजंटकडून नमुना घेतला होता, आणि एजंटने तो लांबच्या पारखेड्याच्या, स्वतःच्या खाणीतला म्हणून दिला होता. त्या नमुन्याच्या फोटोत तोच मधाचा रंग बघताच अश्वजित थेट अनसिंगला गेला.

"संघदीप, पोकळीतले बाकीचे गोटे कोठी गेले?"

"एक एजंट आल्ता, त्याले देले. तो म्हणे, गाव कोणाले सांगू नका."

"अन् तू आयकलं? मी नागपूरले पाठवलं हे तुले मालूम होतं ना?"

"दोन वर्सं झाली, दादा. मले वाटलं, काहीच नाई निघालं."

मॅडमनी समितीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: मंजूर नाव सहसा बदलत नाही, जागा दुरुस्त करायची तर पुरावा द्या. विहीर तोवर बांधून झाली होती, पोकळी काँक्रीटच्या मागे गेली होती. एजंटला दिलेले गोटे इथलेच होते, हे सांगायला उरली फक्त संघदीपची साक्ष. मॅडमनी कागद तयार करून दिला, अश्वजित तो घेऊन गेला.

संघदीपने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "एजंटचा फोन आल्ता. म्हणे, सरकारले न विचारता खनिज इकलं म्हून केस होते तुयावर."

"तो भेवाडून राह्यला तुले."

"असंन. पण दगडाच्या नावासाठी मी काहून कोर्टात जाऊ? तुमी साहेब लोक पाहून घ्या."

अश्वजित साहेब नव्हता. कागद घडी करून तो बसस्टँडवर आला.

आता बीएस्सीच्या वर्गात पारखेडाइट शिकवतात. एकदा त्याने शिकवणाऱ्या सरांना अडवून हे अनसिंगचं आहे म्हणून सांगितलं, तर सर म्हणाले, "पुस्तकात आहे तेच खरं, अश्वजित." मग त्याने अर्ज करून बदली ऑफिसात करून घेतली. यंदा संघदीपच्या पोरीचं लग्न झालं. नीता एकटीच जाऊन आली. जेवण कसं होतं, हेही त्याने विचारलं नाही.