पाचही दिवस ऑफिस

नव्या गालिच्याचा वास आला की मला गुरुग्रामच्या ऑफिसातली ती सकाळ आठवते. घरून काम करायची सवय झालेल्या आम्हा सगळ्यांना परत आणण्यासाठी कंपनीने अख्खा मजला नव्याने सजवला होता. आमचे साहेब हसत म्हणाले, "सोमवार से पाँचों दिन ऑफिस. किसी को दिक्कत?" मग बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली माझी मैत्रीण उभी राहिली. "सर, दो दिन घर से काम करने दीजिए, नहीं तो मुझे छोड़ना पड़ेगा." साहेबांचं हसू मावळलं. "और कोई?" म्हणत त्यांनी एकेकाकडे रोखून पाहिलं. फरीदाबादच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई माझ्या डोळ्यांसमोर आली. मीही उभी राहिले. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येत गेले, पण वळून बघायचं धाडस झालं नाही. साहेब निघून गेले. दोन दिवसांची सवलत पुढे मिळाली, पण तोवर मैत्रीण नोकरी सोडून गेली होती. आता तिथे मुलाखती मी घेते. एखादी उमेदवार घरून कामाचं भीत भीत विचारू लागते, तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मी हो म्हणते.