वरच्या काकांचं आयरिश गाव

आमच्या वरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका दिल्लीत राहून दिल्लीकडे पाठ फिरवलेला माणूस अख्ख्या एनसीआरमध्ये सापडायचा नाही. पस्तीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केली, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार केला आणि निवृत्तीनंतर दिल्लीतल्याच द्वारकेत आमच्या डोक्यावर राहायला आले. पण इथलं हिंदूराव हे कुणा माणसाचं नाव आहे की नुसत्या हॉस्पिटलचं, हे त्यांनी मला विचारलं होतं. आयर्लंडमधल्या एका आडबाजूच्या बाजारगावाबद्दल मात्र कुणीही काहीही विचारावं. तिथे मुख्य रस्त्यावर गुरांचा बाजार भरायचा तेव्हा दुकानदार खिडक्यांना फळ्या का ठोकायचे, नदीवरच्या पुलाची एक कमान बाकीच्यांपेक्षा अरुंद का, सगळं तोंडपाठ. त्या गावात त्यांनी तोवर पाऊलही ठेवलेलं नव्हतं.

कारण होतं त्यांची मुलगी. ती नर्स होऊन तिथल्या इस्पितळात गेली, पुढच्याच वर्षी काकू गेल्या, आणि घरात काका एकटे उरले. रविवारी दुपारी मुलीचा फोन यायचा. जेवलीस का, थंडी किती आहे, यात दोन मिनिटं जायची आणि मग दोघंही गप्प. "बोलायला काहीतरी हवं ना, वहिनी," ते मला म्हणाले होते. "म्हटलं, ती राहते ते गाव तरी वाचून काढू." वाचता वाचता त्यांनी तिथल्या इतिहास मंडळाच्या सचिवबाईंना ईमेल पाठवली. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी जुने नकाशे पाठवले आणि काकांना दुसरी नोकरी लागल्यासारखं झालं.

मग त्यांच्या तावडीतून कुणी सुटेना. भाजीवाल्याला त्यांनी आयर्लंडचा दुष्काळ समजावला. "भैया, आलू सड़ गया तो आधा गाँव खाली हो गया था." भाजीवाला दुखावून म्हणाला, "बाबूजी, मेरा आलू आगरे का है, बिल्कुल ताज़ा." मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात 'माझं गाव' या विषयावर बोलायला त्यांनी आपणहून नाव दिलं. काका मूळचे वर्धेकडचे, त्यामुळे लोक कापूस आणि संत्री ऐकायच्या तयारीने बसले होते. पडद्यावर एकामागून एक पावसात भिजलेली चाळीस दगडी घरं आली. मंडळाच्या सहलीत पानिपतला काला अंबच्या स्मारकाशी सगळे मान खाली घालून उभे असताना काका माझ्या कानाशी कुजबुजले, "आमच्याकडेही पुलाजवळ एक चकमक झाली होती. पण दगड बसवायला वर्गणी जमेना." आमच्याकडे म्हणजे कुठे, हे विचारायची आता गरज नव्हती.

या साऱ्यात एक गोष्ट साधली होती. फोन अर्ध्या तासाचा झाला होता. मुलगी तिथे राहूनही घर आणि वॉर्ड यापलीकडे काही बघत नसे. काकांनी एकदा तिला सांगितलं, "अगं, तुझ्या परसातली भिंत जुन्या अनाथ-गरिबांच्या आश्रयघराची आहे. खाली वाकून बघ, दगडावर खुणा असतील." तिने वाकून बघितलं, खुणा होत्या. तिने फोटो पाठवला. काका तो मोबाइल हातात धरून जिना उतरून आले आणि आमच्या घरातल्या प्रत्येकाला त्यांनी तो दोनदा दाखवला.

चार वर्षांनी मुलगी कॅनडाला गेली. पगार चांगला होता, नवऱ्याच्या नोकरीचंही तिथेच जमलं होतं. तक्रारीला जागा नव्हती. काकांनी त्या शहराची पुस्तकंही मागवली. पण पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "बाबा, इथलं सगळं माहीत आहे मला. तुम्ही गोळ्या घेता ना वेळेवर?" फोन पुन्हा दोन मिनिटांवर आला.

गेल्या उन्हाळ्यात तिने त्यांना महिनाभर बोलावून घेतलं. परतताना काकांनी हट्टाने आयर्लंडचा व्हिसा काढला आणि तीन दिवस त्या गावात उतरले. आल्यावर मी चहा घेऊन वर गेले. प्रवासाची बॅग अजून हॉलमध्येच होती.

"सचिवबाई बसस्टॉपवर न्यायला आल्या होत्या," ते म्हणाले. "त्यांना मीच गाव दाखवलं. दोन ठिकाणी त्यांची चूक निघाली. हसल्या बिचाऱ्या."

"आणि मुलीचं घर?"

"तिथे एकटाच गेलो. फाटकाशी उभा होतो तर आतून एक बाई आली. म्हटलं, माझी मुलगी इथे राहायची. म्हणाली, आत या. तिच्या स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला. मी तिला भिंतीची सगळी हकीकत सांगितली. दीड तास ऐकत होती हो. तिला काहीच ठाऊक नव्हतं."

"मुलीला कळवलंत का हे?"

"केला होता फोन. ड्यूटीवर होती." त्यांनी चहाचा कप उगाच बशीत फिरवला. "सांगेन सवडीने."

मी उठायला लागले, तसे ते म्हणाले, "वहिनी, घाईत नसाल तर त्या घराच्या जिन्याचं सांगतो." खाली माझी कणीक मळायची राहिली होती. मी पुन्हा बसले.