हातोडीबाई

दर्यापूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई नमस्काराआधी माणसाच्या गुडघ्यावर हातोडी मारत. रबरी, वीतभर लांबीची, सदा कमरेला खोचलेली. गुडघा उडाला की म्हणत, "जिवंत आहात. आता बोला." बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, पण सारं गाव त्यांना हातोडीबाईच म्हणे, तेही तोंडावर.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. मला आठवा महिना. पाय असे सुजले की जोडवी काढायला साबण लागला. सासूबाई खूश! "नातू खाऊनपिऊन येऊन राहिला," म्हणत रोज वर लोणचं वाढत. डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे नाचू लागले, तेव्हा कुठे बैलगाडी जुंपली.

बाईंनी दंडाला पट्टा बांधला. नळीतला पारा भराभर चढला. बाईंनी पट्टा सोडून पुन्हा बांधला, तरी तेवढाच. डॉक्टर साक्षीसाठी अमरावतीच्या कोर्टात गेलेले. त्यांच्या हुकमावाचून सुई टोचायची नाही, असा नियम भिंतीवर टांगलेला. तेवढ्यात मला झटका आला. पुढचा प्रवेश सासूबाईंनी मला शंभरदा करून दाखवला आहे, दोघींच्या आवाजात.

बाईंनी पांढरे खडे तोलून उकळत्या पाण्यात टाकले. सासूबाईंनी ओळखले. "थांबा! हे तं जुलाबाचं मीठ. आमी बैलाले पाजतो!"

"तेच. मॅग्नेशियम असतं त्यात."

"गर्भारणीले जुलाब? लेकरू पाडता काय?"

"माय, पोटात गेलं तर जुलाब, मांसात टोचलं तर झटके थांबतात. पारा काही फारसा उतरणार नाही. पण रक्ताच्या दाबानं मेंदू भडकलाय, तो शांत होईल. दुसरा झटका आला तर दोन्ही जीव जातील. हात सोडा."

"अन् तुमची नोकरी?"

"तिला कुठे झटके आलेत?"

बाईंनी सुई टोचली. मग दर सुईआधी गुडघ्यावर हातोडी. गुडघा उडाला तरच पुढची सुई. नाही उडाला तर मीठ जास्त झालं, श्वास बंद पडायचा. गाव ज्या हातोडीला हसत होतं, तिच्या जोरावर मी जगले. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. पालीएवढी, पण आवाज कोतवालाचा.

डॉक्टर परतले. म्हणाले, "चूक झाली असं लिहून द्या. नाहीतर बदली मेळघाटात."

बाईंनी माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. "चूक ती पाळण्यात झोपली आहे. उठली की तिची सही घ्या."

बदली झाली. मोटारस्टँडवर आम्ही निरोपाला गेलो. सासूबाई तरातरा पुढे झाल्या, बाईंच्या ट्रंकेवर बसल्या आणि भर बाजारात लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं.

"मारा."

बाईंनी मारली. गुडघा असा उडाला की शेजारचा तांब्या गडगडत मोटारीखाली गेला.

"जिवंत आहात," बाई म्हणाल्या. "आता बोला."

आणि आमच्या सासूबाईंना, उभ्या जन्मात पहिल्यांदाच, एक शब्द बोलता आला नाही.