आवाज गाळणारा मास्तर

माझी सगळी नोकरी आवाज गाळण्यात गेली. चहा गाळतात तसंच ते काम. हवा तो संदेश खाली घ्यायचा, गोंगाटाचा चोथा वर ठेवायचा. चंद्रपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सिग्नल प्रोसेसिंग शिकवतो. वडील ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कामगार होते. यंत्राला कान लावून बेअरिंग गेलंय की नाही ते सांगायचे. मी तेच सेन्सर लावून सांगू लागलो आणि प्राध्यापक झालो. वडील चिडवायचे, "माह्या कानाले कोनी पीएचडी नाई देल्ली!"

शोधनिबंध बरेच लिहिले. ते वाचणारे आम्ही दहा-बारा जण, एकमेकांची पाठ खाजवणारे. पन्नाशी आली तेव्हा मला खुमखुमी आली की एकदा तरी आपलं काम आपल्या मुलखाच्या उपयोगी पडावं. पडलं नसतं तर बरं झालं असतं.

मुलचेऱ्याच्या रस्त्याला, जंगलाला लागून एक गाव आहे. मोहाच्या दिवसांत तिथल्या बायका उजाडायच्या आत फुलं वेचायला जातात. वाकून, तासन्‌तास. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं तिथे सांगतात. अशा एखाद्या बाईवर वाघानं झडप घातल्याची बातमी आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतेच. वाघ जवळ येण्याआधी भोंगा वाजला पाहिजे, असं मी ठरवलं.

उपाय मला मोठा नामी वाटला. सागाच्या वाळक्या पानांवर वाघ कितीही जपून चालला तरी पानं चुरचुरतात. गाईची चाल वेगळी, डुकराची वेगळी. प्राणिसंग्रहालयातल्या एका आळशी वाघापुढे पोतंभर पानं पसरून मी त्याची चाल टिपली. मग माइक, छोटा संगणक आणि भोंगा एका डब्यात बसवून असे डबे मोहाच्या झाडांभोवती खांबांवर लावले. तेव्हा थंडी होती आणि घोट्याएवढा पाला पडलेला होता. महिनाभरात दोनदा भोंगा वाजला, दोन्ही वेळा मातीत वाघाचे ठसे मिळाले. गावानं मला कोंबडीचं जेवण दिलं. मी हवेत होतो.

अडचण एकच होती, बायकांचा आवाज. फुलं वेचताना त्या एकमेकींना सारख्या हाका मारतात, टोपलं बडवतात, हसतात. त्यात पानांची चुरचुर बुडून गेली असती. हंगामाआधी मी सगळ्याजणींना बोलावून सांगितलं, "बायांनो, तिथे बोलायचं नाही. डब्याला ऐकू येत नाही."

त्यांच्यातली एक वयानं थोरली बाई पुढे आली. तिनं विचारलं, "सर, हा नाई वाजला त वाघ नाई, असंच ना?"

"असंच," मी म्हणालो. वर्गात असं उत्तर देणाऱ्या पोराचे मी गुण कापले असते.

हंगाम लागला. चंद्रपुरात बसून मी रोज डब्यांचे आलेख पाहायचो. एका सकाळी सगळ्या डब्यांचा गोंगाट एकदम खाली आला. रेघ कशी पाण्यासारखी सपाट. बायकांनी माझं ऐकलं म्हणून मी खूश झालो, सहकाऱ्यांना बोलावून दाखवलं. पाचव्या दिवशी सकाळी सरपंचांचा फोन आला. त्या थोरल्या बाईच्या धाकट्या जावेला वाघानं मारलं होतं. भोंगा वाजलाच नव्हता.

मी पोचलो तेव्हा मोहाखालची जमीन काळी होती. पानाचा तुकडा नाही, नुसती राख, आणि तिच्यावर उमटलेले पंजे. फुलं स्वच्छ दिसावीत म्हणून हंगामाच्या सुरुवातीला झाडाखालचा पाला जाळतात. हे मला कुणी सांगायला हवं होतं का? माझी आई लग्नाआधी मोह वेचायची. पाला कसा जाळायचा, वारा कुठला बघायचा, हे तिनं मला अंकलिपीच्या आधी सांगितलं होतं. थंडीत मी त्या पाल्यात उभा राहून माइक लावत होतो, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. राखेवरून वाघ मांजरासारखा आला असणार. डब्यानं काहीच ऐकलं नाही, कारण ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आलेखातली ती सपाट रेघ याचीच होती.

चौकशी झाली. उपकरण सुस्थितीत असल्याचा शेरा मिळाला. तो कागद वाचून मला स्वतःची किळस आली.

महिन्याभरानं मी एकटाच त्या घरी गेलो. थोरली बाई अंगणात फुलं वाळत घालत होती. तिनं मला बाज दिली, पाणी दिलं. मी पाल्याचं सगळं सांगितलं, चूक माझी आहे असंही सांगितलं. ती म्हणाली, "पाला त आमी दरसाल जाळतो, सर. तुमाले मालूम नव्हतं का?"

"मालूम होतं," मी म्हणालो.

ती पुन्हा फुलं पसरू लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी वानर खेकसलं होतं, वाघ दिसला का खेकसते तसं. मले वाटलं, तिले हाक माराव. तोंडात आली होती हाक. पन तुमी सांगतलं होतं, डब्ब्याले आयकू येत नाई म्हनून. मंग गप राह्यली मी. चांगलंच केलं ना? हाक मारली असती त डब्बा बिघडला असता ना, सर?"

हो म्हणणं सोपं होतं. पण त्या बाईला पुन्हा एकदा खोटं उत्तर देण्याची माझी हिंमत झाली नाही.

"नाही बाई," मी म्हणालो. "डब्याला काही झालं नसतं. हाक मारायला हवी होती."

तिचे हात थांबले. आपण गप्प राहिलो ते बरोबरच केलं, या एका समजुतीवर तिनं तो महिना काढला होता. ती खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली, घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.